बर्फ काढायला आणि लोडरच्या कामाला छोटा ट्रॅक्टर घेताय? एचपी बघू नका, वजन बघा

आम्ही सिरॅक्यूजजवळ राहतो, न्यूयॉर्क राज्यात, पण मॅनहॅटनवालं न्यूयॉर्क नाही, त्याच्या चार-पाच तास वर. इथे वर्षाला १०० इंचांच्या वर बर्फ पडतो ही साधी गोष्ट आहे, १९९२-९३ च्या हिवाळ्यात १९२ इंच पडला होता असं शेजारचे आजोबा दरवर्षी नव्याने सांगतात. ओंटारियो लेकवरून वारा आला की समोरच्या गावात ऊन आणि आमच्याकडे दोन फूट, असं पण होतं. अपार्टमेंटमध्ये होतो तोवर मजा होती, मग सहा एकरचं घर घेतलं, सहाशे फुटांचा ग्रॅव्हलचा ड्राइव्हवे, आणि पहिल्याच डिसेंबरमध्ये प्लाऊवाला (गाडीच्या फळीने बर्फ ढकलून देणारा) सकाळी साडेदहाला उगवला, तोपर्यंत माझ्या दोन मीटिंग आणि मुलीची शाळा दोन्ही गेलं. तेव्हा ठरवलं ट्रॅक्टर घ्यायचा.

मी आधी चुकीचा घेतला, एक हिवाळा काढून तोट्यात विकला, मग दुसरा घेतला. म्हणून हे लिहितोय. आपल्यातले बरेच जण आता मिशिगन, मिनेसोटा, ऑन्टारियो अशा ठिकाणी जागा घेतायत आणि फोनवर सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "किती एचपीचा घेऊ?" हा प्रश्नच चुकीचा आहे, का ते खाली सांगतो.

१. आधी गावाकडचा ट्रॅक्टर डोक्यातून काढा

आपल्या डोक्यात ट्रॅक्टर म्हणजे नांगर, रोटावेटर, ट्रॉली. काम सगळं मागे. मागे जड अवजार आणि पुढचं तोंड उचललं जाऊ नये म्हणून पुढे बंपरला वजनं अडकवलेली. इथे लोडर (पुढचे उचलायचे हात आणि बकेट) घेतला की सगळं उलटं होतं, भार पुढे येतो, मागची चाकं हलकी होतात, आणि वजन मागे लावायला लागतं. माझा मेहुणा बार्शीकडे शेती करतो, व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाला, "दाजी, हे खेळणं किती एचपीचं?" चोवीस म्हणालो तर हसला. पण तो जे काम करतो आणि मी जे करतो त्यात काही साम्यच नाही, जमीन ओढायची नाहीये, उचलायचं आणि ढकलायचं आहे.

२. कागदावर लिहा, सगळ्यात जड काय उचलणार

डीलरकडे जायच्या आधी हे करा, प्लीज. "बर्फ काढायचाय" हे पुरेसं नाही. बर्फ हलका असतो हो. ताजा कोरडा बर्फ एका घनफुटाला चार-पाच पाउंड, दबलेला ओला बर्फ वीस धरा. छोट्या ट्रॅक्टरच्या बकेटमध्ये साधारण सहा घनफूट बसतं, म्हणजे ओल्या बर्फाचे सव्वाशे पाउंड. कुठलाही लोडर उचलतो.

आता तीच बकेट ग्रॅव्हलने भरा. ग्रॅव्हल एका घनफुटाला शंभर पाउंडांच्या आसपास, म्हणजे सहाशे पाउंड. आणि पेलेटचा स्टोव्ह असेल तर लाकडी पेलेटचा (दाबलेल्या भुशाच्या गोळ्यांचा) पॅलेट, म्हणजे लाकडी फळ्यांवर रचलेला ढीग, येतो, चाळीस पाउंडांच्या पन्नास पिशव्या, दोन हजार पाउंड. बर्फ तुमचा ट्रॅक्टर ठरवत नाही, हे उरलेल्या आठ महिन्यांचं सामान ठरवतं. मी नेमकं हेच विसरलो होतो, हिवाळ्यात घेतला ना, समोर फक्त बर्फच दिसत होता.

ढोबळ विभागणी अशी:

सब-कॉम्पॅक्ट: कुबोटाची बीएक्स सिरीज, जॉन डिअरचा १०२५आर, ही मंडळी. इंजिन २० ते २५ एचपी, ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन दीड हजार पाउंडांच्या अलीकडे-पलीकडे, लोडर पिनपाशी (बकेट जोडलेली असते तिथे) ७५० पाउंडांच्या आसपास उचलतो. दोन-तीन एकर, डांबरी किंवा चांगला ग्रॅव्हलचा ड्राइव्हवे, मल्च (झाडांभोवती पसरायचा लाकडाचा चुरा), थोडी माती, गवत कापणं, यासाठी मस्त.

कॉम्पॅक्ट: २५ ते ४० एचपी, कुबोटाची एल सिरीज, जॉन डिअरची ३ सिरीज, महिंद्रा, कियोटी, एलएस वगैरे. चाकं मोठी, जमिनीपासून उंची जास्त, वजन जवळजवळ दुप्पट. लांब ड्राइव्हवे, चढ, लाकूडफाटा, ग्रॅव्हलचे ट्रक मागवणार असाल तर इथूनच सुरुवात करा.

महिंद्राबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगतो, हो, तीच आपली मुंबईची महिंद्रा, इथे अनेक वर्षं आहे, डीलर भरपूर. २०२३ च्या १५ ऑगस्टला त्यांनी केपटाउनला ओजा नावाची छोट्या ट्रॅक्टरची रेंज आणली, ती तेलंगणात झहीराबादला बनते. माझ्या मनात पण अभिमान वगैरे दाटून आला होता, पण ट्रॅक्टर अभिमानाने घेऊ नका, जवळचा डीलर कोणता ते बघून घ्या. ते पुढे येतंच.

३. एचपीचे तीन आकडे आणि लोडरचे दोन, यात गंडू नका

ब्रोशरवर मोठ्या अक्षरात असतो तो इंजिनचा एचपी. स्नोब्लोअर (बर्फ उचलून लांब फेकणारं यंत्र) चालतो पीटीओवर, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, आणि तिथे पोचतो तो वेगळा आकडा, २४ च्या इंजिनातून पीटीओला १८ च्या आसपास मिळतात. ब्लोअरच्या माहितीपत्रकात किती पीटीओ एचपी लागतात ते लिहिलेलं असतं, तो आकडा याच्याशी जुळवायचा. तिसरा आकडा सेल्समनच्या तोंडचा, तो सोडून द्या.

लोडरचं पण तसंच. उचलण्याची क्षमता कुठे मोजली हे विचारा. बकेट जिथे पिनने जोडलेली असते तिथे मोजली तर आकडा मोठा दिसतो, पण सामान काय पिनवर ठेवत नाही आपण, ते पुढे असतं. पिनपासून ५०० मिलीमीटर पुढचा आकडा मागा, तो खरा. त्यातून परत बकेटचं किंवा फोर्कचं (पॅलेट उचलायच्या दोन लांब दांड्यांचं) वजन वजा होतं. पॅलेट फोर्क लावले तर भार अजून पुढे जातो, त्यामुळे १००० लिहिलेला लोडर ६०० ला हात टेकतो. ३५-४० एचपीचे कितीतरी मॉडेल पेलेटचा अख्खा पॅलेट ट्रकवरून उतरवू शकत नाहीत, त्यात लाज नाही, अर्ध्या पिशव्या हाताने उतरवायच्या आणि मग उचलायचं, मी आजही तेच करतो.

अजून एक, २५ एचपीची रेषा. इथल्या प्रदूषणाच्या नियमांमुळे साधारण २५ च्या वर गेलं की बहुतेक इंजिनांना धूर गाळायचा फिल्टर येतो, डीपीएफ म्हणतात, तो अधूनमधून स्वतःला जाळून साफ करतो आणि तेव्हा इंजिन चांगल्या आरपीएमवर गरम चालवावं लागतं. रोज दहा मिनिटं बर्फ ढकलून बंद करणाऱ्याला हे त्रासाचं होतं. म्हणून बाजारात २४ पॉइंट काहीतरी एचपीचे इतके मॉडेल दिसतात, मोठ्या अंगाचे पण इंजिन २५ च्या आत. माझ्यासारख्या माणसाला हे बेस्ट, अंग मोठं म्हणजे वजन आणि लोडर मोठा, आणि फिल्टरची कटकट नाही. मी शेवटी असाच घेतला.

४. बर्फ कसा काढणार ते ठरवा

नुसती बकेट: चालते, पण हळू. आणि ग्रॅव्हलवर बकेटची धार खडी खरवडून लॉनवर नेऊन टाकते, एप्रिलमध्ये फावडं घेऊन बसा मग वेचत. जुगाड असा की जाड पाइपला लांबीत चीर पाडून तो धारेवर चढवायचा, म्हणजे बकेट खडीवरून घसरत जाते. स्वस्तात मस्त.

मागची फळी: आपल्या लेव्हलिंगच्या फळीची बहीण. स्वस्त, तिरकी करता येते, पण बर्फ पडल्यावर आधी तुमची चाकं त्यावरून जातात आणि मग फळी येते, दबलेला बर्फ खाली तसाच राहतो.

पुढची फळी: सहा-आठ इंच बर्फासाठी सगळ्यात वेगवान. अडचण जानेवारीत येते, दोन्ही बाजूंना भिंती झालेल्या असतात आणि ढकलायला जागा संपते. म्हणून पहिल्या बर्फापासूनच लांबवर ढकलायची सवय लावा, अगदी लॉनमध्ये दहा फूट आत.

स्नोब्लोअर: आमच्यासारख्या ठिकाणी हाच खरा. बर्फ उचलून वीस-तीस फूट लांब फेकतो, ढीग होतच नाहीत. पुढे लावायचा महाग, ट्रॅक्टरखाली वेगळी फ्रेम आणि पोटाखालचा पीटीओ लागतो, आणि लोडर काढून ठेवावा लागतो. मागचा ५४० आरपीएमवाला स्वस्त, लोडर पुढे तसाच राहतो आणि ब्लोअरचं वजन मागे असल्यामुळे लोडरला आयतं संतुलन मिळतं, पण सहाशे फूट मान मागे वळवून रिव्हर्समध्ये जायचं. माझ्या वयाला (४७) हे दोन वर्षं जमलं, पुढचं मानेला विचारून सांगतो.

ड्राइव्हवेच्या तोंडाशी टाउनचा प्लाऊ जो ओला, मिठाचा, दगडासारखा बांध घालून जातो त्यासाठी काही झालं तरी लोडर हवाच. आणि तो बर्फ रस्त्याच्या पलीकडे ढकलू नका, न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक रस्त्यावर बर्फ टाकणं बेकायदा आहे. सगळेच करतात असं शेजारी सांगेल. तरी नको.

५. गिअर की एचएसटी

एचएसटी घ्या, म्हणजे क्लच न दाबता पायाच्या पेडलनेच पुढे-मागे जाणारा हायड्रोस्टॅटिक. विषय संपला. बरं, कारण सांगतो, लोडरचं काम म्हणजे पुढे-मागे, पुढे-मागे, दिवसात दोनशे वेळा, क्लच दाबून पाय जाईल. आणि ब्लोअरमध्ये बर्फ जड आला की आरपीएम तसाच ठेवून चाकाचा वेग फक्त कमी करायचा असतो, एचएसटीत पाय किंचित सैल केला की झालं. शेतात दिवसभर नांगरायचं असतं तर गिअरवाला चांगला म्हणालो असतो.

६. टायर, चेन आणि मागचं वजन (हा भाग दोनदा वाचा)

डीलर बहुतेक आर४ टायर देतो, इंडस्ट्रियल, लोडरचं वजन पेलतात, लॉन फार खराब करत नाहीत. पण बर्फावर, खास करून घट्ट झालेल्या बर्फावर, ते साबणासारखे घसरतात. शेतीचे आर१ मऊ बर्फात बरे, बर्फाच्या काचेवर ते पण नापास. चढ असेल तर मागच्या चाकांना चेन लागणारच. चेन घ्यायच्या आधी टायर आणि मडगार्डमध्ये किती जागा आहे ते मोजा, काही ट्रॅक्टरना आधी स्पेसर लावून चाक बाहेर काढावं लागतं. मी हे चेन आल्यावर बर्फात गुडघे टेकून शिकलो.

आता वजन. मी पहिला ट्रॅक्टर घेतला तेव्हा डीलरने मागच्या वजनाचा शब्द काढला नाही, मी पण विचारलं नाही, मला माहितीच नव्हतं. मार्चमध्ये बकेटभर ओली माती घेऊन उतारावरून खाली येत होतो, टू-व्हील ड्राइव्हमध्ये, आणि मागचं एक चाक हलकं झालं. मी पेडल सोडलं, ब्रेक दाबला, काहीच नाही! ट्रॅक्टर आपला चाललाय खाली. बकेट जमिनीवर टाकली म्हणून थांबला. नंतर कळलं की अशा बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, एचएसटीचा रोध पण टू-व्हीलमध्ये मागच्याच चाकांतून येतो, आणि ती चाकंच जमिनीवर धड टेकलेली नसतील तर थांबवणार कोण.

म्हणून नियम:

लोडर भरलेला असेल तर मागे वजन हवंच, बॅलास्ट बॉक्स (वजन भरलेली पेटी) किंवा जड अवजार, ते किती हवं ते लोडरच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. उतारावर फोर-व्हील चालूच ठेवायचं, म्हणजे पुढची चाकं पण धरतात. भरलेली बकेट गुडघ्याच्या खाली ठेवून चालवायचं, कारण पुढचा अ‍ॅक्सल मधल्या खिळीवर झोके घेतो, वर उचललेला भार कडेला कलला की सावरायला वेळ मिळत नाही. रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर वाचवणारी कमान) उभा आणि पट्टा बांधलेला.

टायरमध्ये द्रव भरून पण वजन वाढवतात. पाणी भरू नका, गोठेल. कॅल्शियम क्लोराइड स्वस्त पण रिम गंजवतं. इथे बीटचा रस भरतात, हसू नका, आपल्याकडे उसाची मळी तशी शुगरबीटची, जड असते, गोठत नाही, रिमला त्रास नाही. मी तोच भरलाय. घरी सांगितलं तर आई म्हणाली टायरला पण ज्यूस पाजता का तुम्ही लोक.

७. जोडणी आणि हायड्रॉलिक

लोडरला बकेट कशी अडकते ते बघा. स्किड-स्टिअर पद्धतीचं जोड असेल तर कुठल्याही कंपनीची बकेट, फोर्क, फळी बसते, जुनी पण स्वस्तात मिळते. काही कंपन्यांचं स्वतःचं वेगळं असतं, वाईट नाही, पण जुन्या बाजारात पर्याय कमी. नुसत्या पिनवाली बकेट असेल तर दर वेळी हातोडी घेऊन उभे राहाल. आणि पुढची फळी डावी-उजवीकडे वळवायची असेल तर तिसरं हायड्रॉलिक फंक्शन (त्यासाठी तेलाच्या दाबाची जास्तीची लाइन) फॅक्टरीतून किंवा खरेदीच्या वेळीच लावून घ्या, नंतर महाग पडतं.

८. गॅरेज मोजा

हसू येईल पण मोजा. नेहमीचं गॅरेजचं दार सात फूट उंच असतं. रोल बार दुमडतो, केबिन दुमडत नाही. केबिन मिळाली तर स्वर्ग आहे, वाऱ्याच्या दिवशी ब्लोअरचा निम्मा बर्फ आपल्याच तोंडावर येतो, पण केबिनवाला ट्रॅक्टर आठ-नऊ हजार डॉलर जास्त देऊन आणायचा आणि बाहेर ताडपत्रीखाली ठेवायचा, असं झालेलं मी बघितलंय.

९. डीलर आणि पैसे

ट्रॅक्टर बिघडतो तो बर्फाच्या वादळातच. तेव्हा वीस मैलांवरचा साधा डीलर हा ऐंशी मैलांवरच्या हुशार डीलरपेक्षा भारी. जाऊन सर्व्हिसच्या खिडकीपाशी उभे राहा, सेल्सच्या नाही, आणि विचारा की जानेवारीत रिपेअरला किती दिवस लागतात, घरी येऊन नेता का, त्याचे किती घेता.

शून्य टक्के फायनान्सचा बोर्ड सगळीकडे दिसेल. विचारा की रोख दिले तर किंमत किती. बऱ्याचदा रोखीवर वेगळी सूट असते आणि शून्य टक्के घेतलं की ती जाते, म्हणजे व्याज किमतीतच बसलेलं. दोन्ही आकडे लिहून घ्या आणि क्रेडिट युनियनचा (सभासदांच्या सहकारी बँकेचा) दर घेऊन घरी शांतपणे हिशोब करा.

लागणारे कागद: ड्रायव्हिंग लायसन्स, सोशल सिक्युरिटी नंबर, पगाराच्या स्लिप, पत्त्याचा पुरावा, फायनान्स असेल तर विम्याचा कागद. विम्याचं आधी घराच्या एजंटला विचारा, काही पॉलिसीत ट्रॅक्टर येतो, काहीत वेगळा घ्यावा लागतो. नवीन आलेल्यांना क्रेडिट हिस्ट्री कमी असते, मग डाउन पेमेंट जास्त मागतात, तयारी ठेवा.

जुना घेत असाल तर: सिरियल नंबरचा फोटो, तासांचं मीटर, बिल ऑफ सेलवर सही, आणि त्यावर कुणाचं कर्ज बाकी नाही ना याची चौकशी. बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका, थंड इंजिन सुरू होताना सगळं बोलतं. लोडर पूर्ण वर करून पाच मिनिटं ठेवा, खाली सरकतोय का बघा. आणि एक मोठा सापळा, जपानमधून जुने आणलेले ट्रॅक्टर, ग्रे मार्केट म्हणतात. दिसायला नामांकित ब्रँड, किंमत अर्धी, पण ते मॉडेल इथे कधी विकलंच नव्हतं, त्यामुळे डीलर पार्ट देत नाही. बटणांवर जपानी अक्षरं दिसली की ओळखा.

१०. पहिल्या हिवाळ्याच्या आधी

ऑक्टोबरच्या शेवटी टाकीतलं उन्हाळ्यातलं डिझेल संपवा. थंडीत त्यात मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो, ट्रॅक्टर सुरू होतो आणि दोन मिनिटांत मरतो. हिवाळ्याचं मिश्रण भरा, वर अँटी-जेल टाका, आणि एक जास्तीचा फ्युएल फिल्टर घरात ठेवा. लाल रंगाचं डिझेल ट्रॅक्टरला चालतं, रस्त्याचा टॅक्स नसल्यामुळे स्वस्त, पण ते गाडीत चुकूनही भरू नका, दंड आहे.

ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) लावून घ्या, रात्री प्लगला लावला की सकाळी गपगुमान सुरू. सुरू झाल्यावर लगेच लोडर उचलू नका, तेल घट्ट असतं, दहा मिनिटं चहा प्या.

पहिल्या बर्फाआधी ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना रिफ्लेक्टरच्या काठ्या ठोका, जमीन गोठली की काठी जात नाही. ब्लोअरच्या खालच्या घसरपट्ट्या ग्रॅव्हलसाठी एक-दीड इंच वर ठेवा, नायतर खडी गोळीसारखी उडते, आमच्या खिडकीची एक काच तशीच गेली. खोदकाम करणार असाल तर ८११ ला फोन, फुकट येऊन गॅस-विजेच्या लाइनी आखून देतात. ब्लोअर तुंबला तर इंजिन बंद, चावी खिशात, मग काठीने काढायचं. हात घालायचा नाही, एका मिनिटाचं काम असलं तरी नाही.

आणि शिअर बोल्ट. ब्लोअरमध्ये वर्तमानपत्राचा गठ्ठा किंवा पायपुसणं गेलं की हा मऊ बोल्ट मुद्दाम तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. डझनभर घेऊन सीटखाली डब्यात ठेवा. रात्री नऊला संपले म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला कडक बोल्ट लावाल तर तो तुटणार नाही, गिअरबॉक्स तुटेल, आणि त्याची किंमत मी पावतीसकट सांगू शकतो.